हुंकारी कापलेली गोष्ट

माझ्या नावावर एक सीडी आहे. तिच्यावर सात गाणी आहेत. शब्द माझे, चाली माझ्या, गिटारही मीच वाजवली आहे. गाण्यांच्या मधे मधे एक बाई बोलते. गोड बोलते, शब्द साखरेत घोळून बोलते. तिथं माझी आई बोलायला हवी होती. लोक विचारतात तेव्हा मी "रेकॉर्डिंगमध्ये काहीतरी प्रॉब्लेम झाला" असं म्हणून विषय टाळत आले. प्रॉब्लेम कसलाही झाला नव्हता. आईचं बोलणं काढून टाकलं गेलं आणि मी ते काढू दिलं. याचा राग इतक्या वर्षांत उतरलेला नाही आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

आमचं गाव गोंदियाकडच्या कोहमाऱ्याहून आत, फाट्यावर उतरून पायी तासाभराच्या अंतरावर. नव्याण्णव साली मी दहावीला होते. धानाच्या रोवणीची कामं संपली की आमच्या बौद्ध मोहल्ल्यातल्या ओसऱ्यांत दुपारी सुपं निघायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं, हातात कैची. पानं चिचगडकडच्या जंगलातून यायची, तंबाखू कारखान्याकडून यायचा, आणि वळलेल्या विड्या परत कारखान्याकडे जायच्या. आमच्या घरात राहायची ती फक्त तंबाखूची नाकात झोंबणारी खाट आणि ठसका. मी अभ्यास करायची तो त्याच वासात. कॉलेजात शेजारी बसणारी मुलगी पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावून सरकून बसली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझ्या वह्यांनाही तंबाखूचा वास येतो.

आमच्या ओसरीत पाच-सहा जणी बसत, कारण आमच्या ओसरीत आई होती आणि आईला सांगता यायचं. गोष्ट म्हणा, घडलेलं म्हणा, कुणाची फजिती म्हणा, ती सांगायला लागली की कैच्या आपोआप एका लयीत चालायच्या. पण सांगणाऱ्या बाईचा हात मंदावतो. तिच्या विड्या कमी पडतात. म्हणून आमच्याकडे रीत होती: ज्या दिवशी आई सांगे, त्या दिवशी उठताना प्रत्येक बाई आपल्या सुपातल्या मूठभर विड्या आईच्या सुपात टाकून जाई. कुणी मोजायचं नाही, कुणी बोलून दाखवायचं नाही. आईही मान वर करून बघायची नाही.

दुसरी रीत हुंकारीची. सांगणारीच्या समोर बसलेल्या एकीनं प्रत्येक वाक्याला "हं" म्हणायचं. ही दाद नव्हे. हुंकारी म्हणजे, मी ऐकून राहिली, मले समजलं, जा समोर. हुंकारी थांबली की सांगणारी थांबणार, मग गोष्टीत वाघ दारापर्यंत आलेला का असेना. ऐकणारीला डुलकी लागली असेल, तिला ते पटलं नसेल, किंवा काही लागलं असेल. काय झालं ते कळल्याशिवाय पुढं जायचं नाही. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या जगात लोक असंच बोलतात.

आमच्या ओसरीत हुंकारी द्यायची काकी. नात्यातली नव्हे, नाल्यापलीकडच्या पोवार जातीच्या घरातली. विड्या ती तिच्या ओसरीतही वळू शकत होती, पण तिकडं सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून ती सूप घेऊन आमच्याकडे यायची. येताना पिण्याच्या पाण्याचा तांब्याही घेऊन यायची. आमच्या घरचं पाणी ती सुरुवातीला पीत नसे. आईनं हे पहिल्या दिवशीच ओळखलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बाईले आमच्या घरची गोष्ट चालते, पानी चालत नाई." सगळ्या हसल्या. काकीही हसली. आणि दुसऱ्या दिवशी परत तांब्या घेऊन आली.

आता आईची ती गोष्ट. ती घडली तेव्हा मी सहावी-सातवीत असेन. मी तिच्याकडून वीसेक वेळा तरी ऐकली. इथं लिहिते आहे ती माझ्या आठवणीतून, तिच्यासारखी येणार नाही. ती त्या माणसाचं नाव घेऊन सांगायची. मी ते लिहीत नाही. तो केव्हाच मेला आणि त्याची नातवंडं शाळेत जातात.

कारखान्याचा चेकर आठवड्यातून एकदा टेम्पोतून गावात यायचा. शाळेच्या पडवीत खुर्ची टाकून बसायचा आणि बायका रांगेनं आपापले कट्टे, म्हणजे विड्यांचे जुडगे, घेऊन उभ्या राहायच्या. बाकीच्या बायकांचे कट्टे तो हातात घ्यायचा, एखादी विडी काढून बोटांवर फिरवायचा, ठेवून घ्यायचा. आमच्या मोहल्ल्यातली बाई समोर आली की म्हणायचा, "नीचे रख." मग तो कट्टा चपलेच्या टोकानं उलटापालटा करायचा आणि म्हणायचा, "छाट." छाट म्हणजे नापास. नापास विड्या परत मिळत नसत, त्या त्याच्या वेगळ्या पोत्यात जात. त्या पोत्याचं पुढं काय व्हायचं हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

आई सांगायची, "मी म्हटलं, माह्या विड्या खराब असन तर मी मानीन."

"हं."

"पन तो पाहते कुठी? त्याचे डोये तर माह्या तोंडावर."

"हं."

"तं मी या बाईले म्हटलं, बाई, एक दिवस तुहे कट्टे मले दे. माहे तू ने."

"हं," काकी स्वतःच म्हणायची, कारण ती बाई म्हणजे तीच होती. काकीच्या विड्या म्हणजे दिवस गेलेल्या बाया, असं आई सांगायची: मधातच फुगलेल्या. काकी खोटं खोटं रागवायची.

त्या दिवशी दोघींनी कट्टे बदलले. काकी पुढं होती. चेकरनं तिच्या हातातले, म्हणजे आईनं वळलेले, कट्टे घेतले, एक विडी वर धरली आणि सगळ्या रांगेला दाखवून म्हणाला, "देखो, बीड़ी ऐसी बनती है." मग आई आली. तिनं काकीच्या फुगलेल्या विड्या खाली ठेवल्या. त्यानं चपलेचं टोक लावलं. छाट. आणि तेवढ्यात काकी रांगेतून बाहेर आली आणि म्हणाली, "साहेब, तुमी आत्ता माह्या विड्या फेकल्या. अन् जिच्या विड्या वर करून दाखवल्या, ते ही बाई हाय."

त्याला कळलं. त्यानं दोन्ही कट्टे पोत्यात टाकले आणि पुढचे किती तरी आठवडे त्या दोघींना पानंही दिली नाहीत. आईनं त्याला तिथंच, सगळ्यांसमोर, त्याच्या सात पिढ्यांसकट शिव्या घातल्या. त्या शिव्या ती गोष्टीत एकही न गाळता सांगायची. काकीला नवऱ्यानं घरी फैलावर घेतली, तीही चांगलीच. पण दुसऱ्या दिवशी ती आमच्या ओसरीत रिकाम्या हातानं आली आणि आईला म्हणाली, "पानी दे." हे मात्र आई गोष्टीत कधी सांगत नसे, ते मी पाहिलेलं आहे. आईची गोष्ट संपायची ती अशी: "त्यानं विडी कधी पाहलीच नाई. हात पाहला."

गोंदियाला कॉलेजात असताना माझ्या हातात गिटार आली. वर्गातल्या एका मैत्रिणीचे वडील रेल्वेत होते, त्यांची बदली बिलासपूरला झाली आणि सामानात जागा नाही म्हणून ती गिटार माझ्याकडे राहिली. तीन कॉर्ड मी पुस्तकातून शिकले. चौथा अजूनही नीट येत नाही. सुट्टीत घरी नेली तर आख्खा मोहल्ला ओसरीत. मी माझं पहिलं गाणं म्हटलं, तेंदूच्या पानावरचं:

पान भिजलं, पान मऊ झालं,
आईचं बोट मात्र कडक राहिलं.

आणि काकी पहिल्या ओळीलाच म्हणाली, "हं." दुसऱ्या ओळीला परत, "हं." मी वैतागले. म्हटलं, "काकी, गाण्याला हुंकारी देत नसतात." काकी म्हणाली, "मंग तुले कसं समजन का आमी आहो?"

त्यानंतर मी गाण्यात जागा ठेवायला लागले. मग त्या जागेत बोलायला लागले. एक गाणं, मग थोडं सांगणं, मग परत गाणं. शहरातल्या लोकांनी नंतर मला विचारलं की हा फॉर्म तू कुठून घेतलास. घेतला कुठून? मला दुसरं काही येतच नव्हतं.

पाच-सहा वर्षं मी गिटार पाठीवर घेऊन एसटीनं फिरले. जयंतीच्या कार्यक्रमांत, कॉलेजच्या गॅदरिंगला, कुणाच्या सत्काराला. कोहमाऱ्याच्या चौकात बसची वाट बघत उभी असले की धाब्यावरचे ट्रकवाले विचारायचे, "इसमें बंदूक है क्या?" स्टेजवर निवेदक म्हणायचा, "पाहुणे येईपर्यंत एक गाणं होऊन जाऊ द्या." पाहुणे आले की गाण्याच्या मधेच माइक काढून घ्यायचे. मी बोलायला लागले की कुणीतरी खालून ओरडायचं, "भाषण नको, गाणं म्हण." गाणं म्हणाले की, "डान्सवालं म्हण." मी मुकाट्यानं उतरायची आणि बसमध्ये बसून दात-ओठ खायची. हे सांगते आहे ते सहानुभूतीसाठी नाही. पुढं मी जे केलं ते कोणत्या भुकेपोटी केलं, एवढं कळावं म्हणून.

दोन हजार नऊच्या सुमाराला नागपूरच्या एका छोट्या कंपनीनं माझी सीडी काढायची तयारी दाखवली. रेकॉर्डिंग गोंदियातच, बाजाराकडच्या एका गल्लीत, कापडाच्या दुकानावर असलेल्या स्टुडिओत. स्टुडिओवाला छत्तीसगढी गाणी आणि भजनं करण्यात तरबेज होता, माणूसही तसा वाईट नव्हता, हे मला रागातही कबूल करावं लागतं. मी ठरवलं होतं की गाण्यांच्या मधलं सांगणं मी करणार नाही. आई करेल. तिची गोष्ट तिनंच सांगायची, कट्ट्यांची.

आईला विचारलं. ती म्हणाली, "कायले? मले कोन ऐकते?"

"सगळे ऐकतील. सीडी निघणार आहे."

आई म्हणाली, "सांगतो. पन पुरी सांगतो. मधातून तोडजो नको."

मी म्हटलं, "नाही तोडणार." इतक्या सहज म्हटलं की ते वचन होतं हे माझ्याही ध्यानात आलं नाही.

पहिला दिवस वाया गेला. आईला काचेमागच्या खोलीत बसवलं, कानाला ते मोठे हेडफोन लावले, समोर माइक. तिनं पहिलं वाक्य म्हटलं आणि थांबली. स्टुडिओवाल्यानं हातानं खूण केली, पुढं. ती दुसरं वाक्य बोलली आणि थांबली. तो मला म्हणाला, "माताजी भूल जा रही हैं. लिख के दे दो, पढ़ लेंगी." आईला वाचता येत नव्हतं. मी आत जाऊन चिडून म्हणाले, "आई, घाबरू नकोस गं, थांबू नको मधे मधे." आई म्हणाली, "मी कुठी थांबून राहिली? कोनी हं तं म्हना." मी सगळं आयुष्य त्या ओसरीत काढलं आणि मला ते समजलं नव्हतं. मला वाटलं होतं, आई घाबरली. काचेच्या पलीकडून कुणी हुंकारी देत नव्हतं, आणि हुंकारीशिवाय पुढं जाणं तिच्या हिशेबी उद्धटपणाच.

दुसऱ्या दिवशी काकीला आणलं. दोघी आपापली सुपं घेऊनच आल्या, कारण रिकाम्या हातानं बसून बोलायचं म्हणजे काय हे त्यांना कळेना. काचेच्या खोलीत दोन सुपं, दोन कैच्या, तंबाखू. स्टुडिओवाल्याला शिंकांवर शिंका. पण आई बोलायला लागली आणि त्याचंही शिंकणं थांबलं. "हं." कैची. "हं." कैची. शिव्यांपाशी तर तो खुर्चीत पुढं सरकून बसला. शेवटचं वाक्य झालं, आई उठली, आणि काकीनं न बोलता आपल्या सुपातल्या मूठभर विड्या आईच्या सुपात टाकल्या. मी काचेच्या अलीकडे उभी होते आणि मला वाटलं, झालं, आता माझ्या गाण्यांचं काही बरंवाईट होवो, हे तर राहील.

महिनाभरानं नागपूरहून फोन आला. कंपनीचा माणूस अत्यंत सभ्य होता. असल्या माणसांची मला आता जास्त भीती वाटते. म्हणाला, "मॅडम, गाणी फारच सुंदर. मधल्या बोलण्याबद्दल थोडं बोलायचं होतं. ते जरा जड जातं. भाषा खूप स्थानिक आहे. आणि ते सारखं हं हं, कैचीचा आवाज, ते आपण क्लीन करून पाहिलं, तर मधे नुसते खड्डे राहिले. असं करू का, आमच्याकडे एक ताई आहेत, निवेदन करतात, एकदम प्रमाण, एकदम गोड. त्या तीच गोष्ट सांगतील. थोडक्यात. आणि ते मोहल्ला वगैरे नको. आपल्याला सगळ्यांपर्यंत जायचंय ना?"

मला काय म्हणायला हवं होतं ते मला माहीत होतं. ते आता मी रोज म्हणते, भांडी घासताना, बसमध्ये, अंघोळ करताना. की भाषा जड नाही, तुमचे कान हलके आहेत. की तो खड्डा नाही, ती दुसऱ्या बाईची जागा आहे. की मोहल्ला काढला तर गोष्टीत उरतं काय, विडी? पण तेव्हा त्यानं पुढं जोडलं, "नाहीतर मग पुढच्या वर्षी बघू." आणि मला पाहुणे येईपर्यंतचं गाणं आठवलं, हातातून काढलेला माइक आठवला.

मी म्हणाले, "बरं."

एवढंच. कुणी माझा हात पिरगाळला नव्हता. आईला मी काही सांगितलं नाही. मला वाटलं, ऐकल्यावर समजावू. खरं तर मला वाटलं, तिला काय कळतंय.

प्रकाशनाचा कार्यक्रम गोंदियात, एका सभागृहात झाला. आईसाठी मी निळी साडी आणली होती, ती तिनं घडी मोडून नेसली. काकी आणि ओसरीतल्या बाकीच्या जणी काळी-पिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आल्या. आईला मी पहिल्या रांगेत बसवलं. तिला वाटलं, तिची गोष्ट लागणार आहे म्हणून तिला पुढं बसवलंय. पाहुण्यांची भाषणं झाली, हार झाले, आणि मग निवेदक म्हणाला, आता या अल्बमची एक झलक ऐकू या.

तेंदूचं गाणं वाजलं. टाळ्या पडल्या. मग ती बाई बोलायला लागली.

"एका छोट्याशा गावात एक कष्टाळू बाई राहत होती."

"हं," काकी म्हणाली. सवयीनं, खणखणीत. पुढच्या रांगेतल्या माणसांनी वळून पाहिलं, कुणी हसलं.

"ती फार सुंदर विड्या वळत असे."

काकी गप्प झाली. त्यानंतर तिनं एकदाही हुंकारी दिली नाही, आणि ती बाई पुढं बोलतच राहिली. तिला कुठं थांबायचं होतं? गोष्टीत एक साहेब आला, त्याला एका बाईच्या विड्या आवडल्या नाहीत, मग तिनं मैत्रिणीच्या मदतीनं त्याला आपलं कसब पटवून दिलं, आणि साहेबानं सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. त्या साहेबानं कौतुक केलं! शेवटी मागं बासरी वाजली आणि ती बाई म्हणाली की प्रामाणिक कष्ट कधीच वाया जात नाहीत. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मी स्टेजवर होते. मीही वाजवल्या. माझे ते हात मला अजून दिसतात आणि तोडून टाकावेसे वाटतात.

आई त्या काळ्या स्पीकरच्या खोक्याकडे बघत होती. मग निवेदकानं "गायिकेच्या मातोश्रींना" स्टेजवर बोलावलं, पाहुण्यांनी तिला गुलाबाचं फूल दिलं, तिनं ते घेतलं. खाली उतरून तिनं चिवडा खाल्ला, चहा घेतला. परतताना जीपमध्ये ती धानाच्या भाऱ्यांबद्दल बोलत होती, या सालचा रोवणीचा पऱ्हा बरा होता म्हणाली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. चला, तिला कळलं नाही. माझ्या आईला, जिला चपलेच्या टोकावरून माणूस कळायचा, तिला आपलीच गोष्ट ओळखू आली नाही, असं मी खुशाल धरून चालले.

पुढच्या दिवसांत ओसरीत काही नव्हतं. म्हणजे बायका होत्या, सुपं होती, कैच्या होत्या. आई सांगत नव्हती. कुणीतरी म्हणालं की सांग, तर म्हणाली, "घसा बसला." आठ दिवस घसा बसलेला. मग मला झोप लागेना.

मी गोंदियाला गेले आणि स्टुडिओवाल्याला म्हणाले, मला मूळ रेकॉर्डिंग दे. आईचं, पूर्ण. तो कॉम्प्युटरकडे वळला, शोधल्यासारखं केलं, आणि म्हणाला, "वो तो उड़ा दिया मैडम. फाइल बहुत भारी थी, जगह नहीं थी."

मी त्याच्यावर तुटून पडले. इतकी ओरडले की खालच्या दुकानातले लोक जिन्यात आले. चोर म्हणाले, नालायक म्हणाले. दोन म्हाताऱ्या बाया सुपं घेऊन इतक्या लांब आल्या आणि तू त्यांना पुसून टाकलंस, म्हणाले. तो खालच्या आवाजात म्हणाला, "मैंने तो फोन करके पूछा था कंपनी को. वो बोले मैडम ने हाँ कर दिया है. आपने हाँ नहीं किया था क्या?"

जिन्यातले लोक माझ्याकडे बघत होते. मी खाली उतरले.

त्याच आठवड्यात मी एका ओळखीच्या मास्तरांकडून छोटा टेपरेकॉर्डर मागून आणला, नवीन कॅसेट घेतली आणि दुपारी ओसरीत आईच्या समोर जाऊन बसले. काकी होती. बाकीच्या अजून यायच्या होत्या. मी टेप चालू करून मधे ठेवला आणि म्हणाले, "आई, परत सांग. कट्ट्यांची. या वेळी मी एक शब्द जाऊ देणार नाही. कुणाला देणार नाही, मीच ठेवीन." मग मी सगळं सांगितलं. कंपनीचा माणूस काय म्हणाला, मला नाही म्हणता कसं आलं नाही, त्या ताईचा आवाज, पुसलेली फाइल. बराच वेळ मी एकटीच बोलत होते. त्या सगळ्यांना शिव्याही घातल्या, आईच्याच शिव्या, त्याच क्रमानं. मला वाटलं, तिला बरं वाटेल.

आईनं हातातलं पान कापून संपवलं. मग कैची सुपात ठेवली. हे ती कधी करत नसे.

"त्या चेकरनं माह्या तोंडासमोर फेकले होते, बाई," ती म्हणाली. "म्हनून मी त्याले तिथंच बोलू शकली. तू मले नवी साडी नेसवली, समोरच्या खुर्चीत बसवलं, अन् मंग फेकलं. आता तुले मी काय बोलू?"

काकीनं मान खाली घातली. आईनं कैची परत उचलली आणि कामाला लागली.

त्यानंतर ती चार वर्षं होती. शेवटी शेवटी बाकीच्यांना ती पुन्हा गोष्टी सांगायला लागली, पण मी ओसरीत आले की बोलणं रोवण्यावर, पावसावर, भाज्यांवर यायचं. कट्ट्यांची गोष्ट तिनं माझ्यासमोर परत काढली नाही. त्या दुपारी टेप बंद करायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, हे कॅसेट संपून बटण खटकन वर आलं तेव्हा लक्षात आलं. तिचं ते बोलणं त्यात आहे. आईचा आवाज माझ्याजवळ तेवढाच आहे.